मस्कतला फोडणी

राजूरच्या एसटीडी बूथवर भारतीच्या पुढं गोजरबाईचा नंबर होता. तिनं पिशवीतून वातीचा स्टोव्ह काढून पेटवला, वर तेलाची कढई ठेवली.

"मावशी, हितं सैपाक करायचा न्हाई," बूथवाला म्हणाला.

"सैपाक कुटं? नुसती फोडणी हाय. माजा अमृत मस्कतला हाय, त्याला ऐकायचीय."

"फोडणी ऐकायची?"

"व्हय. तिथल्या मेसात सगळं उकडून देत्यात. लाव नंबर."

नंबर लागला.

"पोरी, ह्यो फोन कढईवर धर."

भारतीनं धरला. तेलात मिरच्या चरचरल्या. बूथवाला खोकला, भारतीच्या डोळ्यांना धारा लागल्या, मागची रांग रस्त्यावर पळाली.

"अमृत, आली का रं ऐकू?"

फोनमधून बराच वेळ नुसता ठसकाच येत राहिला.

"थांब आये," शेवटी तो म्हणाला, "खिडकी उघडतो."