मधली धार

सासू : भट्टीच्या तोटीला हात कोणाला विचारून लावलास?

सून : कोणालाच नाही.

सासू : मी काय म्हटलं होतं?

सून : थांब म्हणालात. दोनदा.

सासू : मग? लोक पहिल्या धारेची म्हणून मिरवतात. आपण पहिली बाजूला काढतो, शेवटचीही काढतो. व्हिस्की होते ती फक्त मधल्या धारेची. आणि ती कुठे तोडायची, हे या घरात मी ठरवते.

सून : आई, शेवटची सुरू झाली होती. वास आला मला. थांबले असते तर हंड्यातली सगळी नासली असती.

सासू : कसला वास?

सून : ओल्या पुठ्ठ्याचा.

सासू : मला नाही आला.

सून : म्हणून तर घाबरले. तुम्हाला येत नाही म्हणजे मलाच भास होतोय, असं वाटलं.

सासू : तरी तोटी फिरवलीस.

सून : हो, फिरवली.

सासू : आण इकडे ती शेवटची. दोन थेंब माझ्या तळहातावर टाक. चोळून बघू दे.

सून : घ्या. आता येतोय वास?

सासू : पुठ्ठाच आहे. चोळल्यावर कळला. आधी नाही.

सून : म्हणजे परीक्षा घेत होतात ना माझी? मुद्दाम थांब म्हणालात.

सासू : परीक्षा कसली डोंबलाची. नाक थकलं माझं. आणि तू तोंड कशाला पाडतेस? तुझ्या नवऱ्यालाही याच तोटीपाशी उभं केलं होतं मी. त्याचं मात्र आई म्हणेल ती पूर्व दिशा. गुणी पोरगा, पण भट्टी त्याच्या हाती द्यायला जीव धजावला नाही.

सून : ते अजून म्हणतात, आईचं नाक चुकत नाही.

सासू : आज सांग, चुकलं म्हणून. आणि बायकोनं धार वाचवली हेही सांग. पुटपुटू नकोस, ताठ मानेनं सांग.

सून : तुम्ही रागावला नाहीत?

सासू : रागावले होते. आता अभिमान वाटतोय. दोन्ही एकदम झेपत नाही या वयात.

(दुसऱ्या दिवशी, पिंपांच्या खोलीत.)

सून : पिंप भरलं, आई. बूच बसवलंय. या, ठोका.

सासू : बूच कोण ठोकतं आपल्याकडे?

सून : ज्यानं धार तोडली, तो. म्हणजे तुम्हीच.

सासू : काल मी तोडली?

सून : पण ही लाकडी मोगरी तुम्ही कोणाला हातात घेऊ देत नाही.

सासू : माझ्या सासऱ्यांनी दिली तेव्हा मलाही अशीच जड वाटली होती. धर. दणकून ठोक, हे पिंप बरीच वर्षं उघडायचं नाहीये.

सून : उघडू तेव्हा पहिला घोट तुमचा.

सासू : घेईन की. वास कसा आहे, ते मात्र तू सांगायचंस.