रयत कुठल्या आळीत राहते?

मंडळी, एक विचारतो. रयत म्हणजे कोण हो? — पाहा, सगळ्यांनी शेजाऱ्याकडं पाहिलं!

बरं, ऐका. देवतळं नावाचं गाव. वर राजाचा तलाव, खाली कुंभारवाडा. गावात दवंडी देणारा सुभाना. दसऱ्याला त्यानं हलगी वाजवली — 'ऐका हो ऐका! रयतेनं वाड्यावर यावं, गूळ-खोबरं न्यावं!' काय गर्दी म्हणता! सावकार आले, शास्त्रीबुवा आले, पाटलीणबाई तर दोनदा आल्या! सगळी रयत!

पुढच्या श्रावणात तलाव तुडुंब भरला. एका दुपारी बांधाला भगदाड पडलं. सुभाना ओरडत सुटला — 'ऐका हो ऐका! बांध फुटतोय! रयतेनं टोपल्या-कुदळी घेऊन धावावं!'

कोण आलं असेल? सावकार म्हणाले, 'रयत म्हणजे कुणबी. आमचं तिथं काय काम?' कुणबी म्हणाले, 'रयत म्हंजी पेठंतली मानसं!' शास्त्रीबुवा म्हणाले, 'आम्ही आशीर्वाद देतो.' हसताय? हसा!

पण सुभानाची लेक सगुणा कुंभारवाड्यात दिलेली. ओली बाळंतीण! तो धापा टाकत बांधावर गेला, तर ही पोर तान्हं पाठीशी बांधून माती टाकतेय!

'बाबा, रयत कुठाय?'

'ओरडून घसा बसला गं! कुनीच येईना!'

'आन् तुमी?'

'मी? अगं, मी तर दवंडी देनारा—'

मंडळी, गावभर रयतेला हाक मारणाऱ्यानं स्वतःला कधी त्यात धरलंच नव्हतं!

त्यानं हलगी टाकली, टोपलं उचललं आणि दारोदार गेला. 'सावकार, मी चाललोय, तुमी चला! बुवा, तुमीबी चला!' नाव घेऊन बोलावल्यावर घरात कसं बसणार? आले सगळे. सांजेपर्यंत बांध सावरला. सगुणा वाचली, लेकरू वाचलं. पण तोवर आलेल्या पाण्यात तिचं घर गेलं हो. ही माणसं आधी आली असती, तर राहिलं असतं!

आणि रात्री चावडीवर काय बोलणं? 'रयतेनं बांध राखला!' सगळे पुन्हा रयत!

आता रयत गेली, जनता आली. मघाशी चहा घेताना तुम्हीच मला म्हणालात, 'बुवा, शाळेपुढची मोरी उघडी आहे, परवा एक पोर पडलं. जनतेला काही वाटतच नाही!' ही जनताबाई राहते कुठं? कुणी पाहिलीय?

उद्या सकाळी कीर्तन नाही. टाळ घरी ठेवा, घमेली घेऊन मोरीपाशी या. मी तिथंच असेन. आता डोळे मिटा, देवाचं नाव घ्या — आणि त्याच्यामागोमाग, मनातल्या मनात, स्वतःचंही घ्या!