दोन लग्नांना पुरणारे बूट

—नाही आलोशियस अंकल, तो काढा, तो ऑक्सफर्ड तुम्हाला आवळणारच. माझे शब्द साधे आहेत, आठवीतच शाळा सोडली, चुकलं तर माफ करा — पण बघा, ह्याच्या लेसच्या दोन्ही पट्ट्या खाली शिवून बंद केल्यात, तुमच्या पायाचा उंचवटा मावणार कुठे? हा डर्बी घाला. ह्याच्या पट्ट्या वर मोकळ्या, पायाप्रमाणे उघडतात. टाच मागे टेका. करंगळीच्या कुरुपावर दाब नाही ना? रात्री कापूस लावता त्या— कोणी सांगितलं? कोणी नाही. अंदाज. बागेत राबणाऱ्यांना कुरूप होतंच.

आता तळ बघा. चामड्याचा. जॅक्सनच्या लग्नात तुम्ही नवऱ्यामुलाचे वडील, वेदीपुढे गुडघे टेकलेत की मागचं अख्खं चर्च तुमचा तळच बघणार. आमच्या पाचूबंदरला एका नवऱ्याच्या तळावर दुकानाची चिठ्ठी तशीच राहिली — फादर उपदेश करतायत आणि लोक माना वाकड्या करून किंमत वाचतायत. तुमची चिठ्ठी मी सॅन्टन स्वतः काढीन.

आणि कडेची ही शिवण — वरचं चामडं आणि तळ ह्यांच्यामध्ये पट्टी फिरवलीय, तळ त्या पट्टीला शिवलाय, नुसता चिकटवलेला नाही. झिजला की उसवायचा, नवा घालायचा, बूट तोच. म्हणजे जॅक्सनचं लग्न झालं की तळ बदलायचा, ॲनिशाच्या लग्नालाही हेच— ॲनिशा कोण? तुमचीच मुलगी, अंकल. मला कशी ठाऊक? तशी सगळ्यांचीच नावं ठाऊक असतात. बघा ना, हिल्डा, कॅथरिन — नावं ठाऊक, पण कोण त्या, ते नाही ठाऊक.

उठू नका, लेस राहिलीय. तुमची चप्पल? ती मी कपाटावर ठेवलीय. ॲनिशाच म्हणाली — माझ्या लग्नाचा विषय काढला की बाबा बागेत निघून जातात, एक पाय बुटात आणि चप्पल लांब असली की बसतील, तेवढ्यात विचार. म्हणून तर तिने तुम्हाला इथे पाठवलं, नाहीतर भुईगावहून येताना आधी दोन दुकानं लागतात. मी म्हटलं होतं, आई येईल रीतीने विचारायला. पण आई म्हणते, आपण मासळीवाले, ते बागायतदार, आठवी नापास पोराला कोण— हो, नापास. मघाशी सोडली म्हणालो. सोडलीच, नापास झाल्यावर.

तर मी विचारतोय. ॲनिशासाठी. तुमचा पाय माझ्या हातात आहे, खोटं बोलत नाही.

उठलात का? निदान चालून तरी बघा — दाराकडे नको, आरसा इकडे आहे. अंकल, एका पायात बूट, एका पायात मोजा, रस्त्यावर लोक काय— थांबा, चप्पल देतो. ही घ्या. रागावला असाल तर शेठना सांगू नका, एवढंच.

काय? माझ्या पायात? स्लीपर. दिवसभर लोकांना बूट घालतो, स्वतःला कधी घेतलेच नाहीत, कुठे जायचंय मला? — जॅक्सनच्या लग्नाला? मी? आईलाही घेऊन?

माप आठ नंबर. तिथे बसू, तुमच्या जागेवर? बसतो. पण अंकल, तुम्ही खाली कशाला, तुमचे गुडघे—