पुसलेलं शून्य

न्हाई, संतराम मास्तर, भागाकार असा एका दमात न्हाई शिकवायचा. तुमी आजच रुजू झालात, ऐकून घ्या. पोरं बेरीज उजवीकडून करतेत, वजाबाकी उजवीकडून, मग भागाकारही तिकडूनच सुरू करतेत — काहून करणार न्हाईत? दुसरं कोणी सांगितलंय का त्यांना? म्हणून पह्यलं बोट डावीकडं ठेवायला लावायचं. मग चार कामं — भाग लावायचा, गुणायचं, वजा करायचं, पुढचा आकडा खाली उतरवायचा. म्या तर मेंढ्याच घेतो. सहाशे अठरा मेंढ्या, सहा वाडे. शंभराचे सहा कळप, एकेका वाड्यात एक. उरल्या अठरा. त्यात दहाचा कळप एकच — तो सहा वाड्यांत कसा वाटणार? न्हाई वाटता येत. मग तिथं शून्य मांडायचं, आन अठराला सहा, तीन. एकशे तीन. सगळी गडबड त्या शून्यापाशी हुते — पोरं शून्य खातेत आन तेरा लिहून मोकळी. चंद्री तेवढी खात नव्हती.

कोण चंद्री? ज्ञानबा धनगराची लेक — हजेरीत बघू नका, नाव काढलंय. मागल्या साली मुआयन्याला, शाळा तपासायला, साहेब आले. आपली शाळा खाजगी, मराठी — निजाम सरकारची परवानगी नसली की दुसऱ्या दिशी कुलूप, ते काय तुमाला सांगायचं. साहेबांनी हाच भागाकार घातला. पोरीनं एकशे तीन मांडलं. साहेब घाईत व्हते, तोंडातल्या तोंडात पुटपुटले आन म्हणले, तेरा. दारात पाटील बसलेले, गावची चार माणसं बसलेली — आता साहेबाला चुकलात म्हणून कोणी सांगावं? म्या? म्या काय केलं — पाटी घेतली आन माझ्या हातानं शून्य पुसलं. पोरगी म्हणली, "गुरुजी, तुमीच तर मांडायला सांगितलं." तर थोबाडीत दिली तिच्या, साऱ्यांदेखत. परवानगी मिळाली, बराबर मिळाली. तुमी त्याच परवानगीवर इथं उभे आहात, मास्तर, असं बघू नका माझ्याकडं.

पोरगी परत आली न्हाई. वर्षभर म्या मनाला सांगत राहिलो, बापानंच मेंढ्यांमागं धाडली असंल — खोटं, मला सारं ठाऊक व्हतं, लाज वाटत व्हती म्हणून गेलो न्हाई तिच्या घरी. परवा जवळा गावच्या बाजाराहून येताना माळावर दिसली. म्या थांबलो. म्हणलं, पोरी, सहाशे अठराला सहा? तेरा, म्हणली. अगं न्हाई, म्हणलं, एकशे तीन — तुझंच बराबर व्हतं, म्या चुकलो. तर मागं सरकली. चिडवत नव्हती वो, तेवढं कळतं मला — माझ्या हाताकडं बघून राहिली व्हती. "तेराच, गुरुजी," म्हणली. "तेराच."

जा आता. पोरं आत बसलीत. तुमच्या मनानं शिकवा.