एवढी शाई

ठेवा, तिथं टीपॉयवरच ठेवा – नको, कागद सोडू नका, बघितलाय मी तो रसमचा चोंबू, नऊ वर्षं बघतोय. काय म्हणालात? शुद्ध कथील? शिशाचा कणसुद्धा नाही म्हणून लॅबनं लिहून दिलंय? बरं. लॅब चुकत नाही का हो कधी? चुकते की. माझ्या बायकोला, वेणीला, चार मोठ्या डॉक्टरांनी दोन वर्षं ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ म्हणून सांगितलं, ते चुकले, मग ही लॅब काय आकाशातून पडलीय? बसा, बसा डॉक्टरबाई, वेणी आत झोपलीय, दारात उभं राहून बोलू नये. आणि मला सर नको, मामा म्हणा, या अण्णा नगरात शेजारपाजारचे सगळे राघोत्तम मामाच म्हणतात. कापी घ्याल? मीच करतो आता. सून गेल्यापासून मीच करतो. गेली म्हणजे – अड्यारला आईकडे गेली, तीन आठवडे झाले. भव्या तिचं नाव. सुधींद्र, आमचा मुलगा, दोनदा आणायला गेला आणि दोन्ही वेळा एकटाच परत आला. ‘मामा स्वतः बोलावतील तेव्हा येईन’ म्हणून निरोप. मी का बोलावू? चोंबू तिच्या माहेरचा, तिच्या आजीचा, कुंभकोणमचा. त्याच्यात रोज रसम उकळायची आणि वेणीला वाटी भरभरून द्यायची – ‘मामी, अजून थोडं घ्या.’ तुम्हीच विचारलंत ना हॉस्पिटलात, घरात कथलाचं भांडं आहे का, हल्ली कथलात शिसं मिसळून विकतात म्हणून? मी म्हटलं आहे. लगेच म्हटलं. जरा जास्तच लगेच म्हटलं, असं आता वाटतं.

नाही, भांडण नाही झालं. भांडायला दोघं लागतात. माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं, घरात पंधरा माणसं, ती मडीची साडी नेसून वाढत होती – मडी म्हणजे तुमच्याकडे सोवळं म्हणतात तेच – आणि मी पानावरून मान वर करून म्हटलं, हिच्या माहेरच्या भांड्यानं माझी बायको गेली. गेली म्हणजे डोक्यानं गेली. सगळ्यांसमोर म्हटलं. ती रडली नाही हो. उरलेल्या पानांवर भात वाढला, ताक वाढलं, सगळ्यांचे हात धुवून झाल्यावर साडी बदलली आणि बॅग घेऊन खाली उतरली. चोंबू तेवढा ओट्यावर ठेवला, नीट घासून, पालथा. तोच तुम्ही तपासायला नेलात.

तुमचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. वेणी तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, सहा महिने पाठीवर होती, आणि उठली ती वेगळीच उठली – पोटात कळा, तोंड पांढरंफटक, हातातून पळी गळायची, सुधींद्रला माझा धाकटा भाऊ समजायची. सगळे म्हणाले वय. सत्तर म्हणजे काय वय आहे? एकट्या तुम्ही, साताऱ्याहून इथं चेन्नईला शिकायला आलेली एवढीशी मुलगी, तिच्या रक्ताचा थेंब स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघत बसलात, आणि त्या लाल पेशींत निळे ठिपके दिसले म्हणून धावत आलात. मला आठवतंय, तुमच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायातली कॉरिडॉरमध्ये राहिली होती. ‘मामा, हे म्हातारपण नाही, हे शिसं आहे, उतरवता येईल!’ केवढा आनंद झाला होता तुम्हाला. मला पण झाला की. झालाच. पण त्याच क्षणी माझे पाय पण थंड पडले, ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही चप्पल शोधत होतात.

काय म्हणालात, पुन्हा सांगा? औषध दिलं की उतरतं, औषध थांबवलं की आठ-दहा दिवसांत पुन्हा चढतं – हॉस्पिटलातच असताना, हॉस्पिटलचं जेवण जेवताना? म्हणजे बाहेरून येत नाही. हाडांतून येतं. तरुणपणी हाडात जाऊन बसलेलं शिसं, हाड झिजायला लागलं, मोडलं, माणूस पडून राहिला की परत रक्तात येतं. वीस-तीस वर्षांपूर्वीचं. हं. मग चोंबू घरात येऊन नऊच वर्षं झाली, हे सांगायला एवढ्या उन्हात आलात होय? फोन करायचा होता.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सरी, सरी. मग सांगा. – हे कोण म्हणालं? वेणी? तुमच्याजवळ? कधी? … परवा, घरून तपासणीला आणली होती तेव्हा. बरं वाटतंय तिला, हो, मराठीत बोलणारं कोणी भेटलं की खुलते ती, त्या तमिळ नर्सपोरींशी गप्प असायची. काय म्हणाली नेमकं? तिच्या शब्दांत सांगा.

अय्यो.

‘आमचे हे फार लिहायचे हो. रोज कपड्यांतून एवढी शाई निघायची.’ आणि हसत म्हणाली? कौतुकानं? – बघा, याला काय म्हणायचं? नातवाचं नाव आठवत नाही, सकाळी जेवली ते आठवत नाही, मला कधीकधी ‘तुम्ही कोण, बसा’ म्हणते, आणि आठवली काय तर शाई! पंचेचाळीस वर्षं घरातली एक गोष्ट बाहेर नेली नाही या बाईनं. माझ्या आईचा जाच नेला नाही, माझा राग नेला नाही, आणि नेमकं हेच उचलून परक्याच्या ओंजळीत घातलं. दगा झाला हो हा माझ्याशी. घरातल्या माणसानं करावा असा नाही. आधी मुलगा मला न विचारता तिला तुमच्या हॉस्पिटलात घेऊन गेला, मग हा चोंबू असा निर्मळ निघाला, आणि आता ही. मला वाटलं होतं निदान ही तरी माझ्या बाजूला राहील. तिचं डोकं गेलंय ना, मग हे का नाही गेलं? हेच का राहिलं?

तुम्ही असं बघू नका. मी क्लार्क होतो. खोटं नाही, होतो – तीन महिने. बॅटरीच्या कारखान्यात, ऑफिसात, टेबलखुर्ची होती. मग टायपिंग जमेना म्हणून उचलून प्लेट विभागात टाकलं. शिशाच्या प्लेटा हो, बॅटरीत घालतात त्या. त्याची राखाडी पूड, तवंगासारखी सगळीकडे, पापण्यांवर पण. आता आमचं घराणं तंजावरचं, आजोबा वाड्यातल्या कचेरीत लिहिणारे, वडील शाळेत हेडक्लार्क, हात काळे करणारा कोणी झाला नव्हता. वेणीला बघायला गेलो तेव्हा आई म्हणाली, क्लार्क म्हणूनच सांग, काय बिघडतं. मी सांगितलं. काय बिघडतं? लग्न झालं, आणि आठवड्याभरात ही परसातून हाक मारते – अहो, कपडे भिजवले तर पाणी काळं झालं, हे काय? मी म्हटलं, शाई. कारखान्याची शाई तशीच असते म्हणून. ती म्हणाली, बरं. एवढंच. ‘बरं’ म्हणाली आणि कपडे आपटायला लागली. पुढं एकदाच विचारलं, काही वर्षांनी – एवढी शाई कशी सांडते हो तुमची? मी रागावलो. मग नाही विचारलं.

कारखान्यात लाँड्री नव्हती का? होती की. तुम्हाला हे बरोबर सुचतं हं. कंपनीला नावं ठेवता येत नाहीत इथं, तेवढं तरी करता आलं असतं तर बरं झालं असतं! न्हाणीघर होतं, गरम पाणी होतं, कामाचे कपडे तिथंच टाकायचे, तिथंच धुऊन मिळायचे, घरी न्यायचे नाहीत, असा नियम होता. पण ते कपडे एका मोठ्या पिंपात धुवायचे – सगळ्यांचे एकत्र. कोणाकोणाचे, काय माहीत. आई म्हणाली, त्या पिंपातून निघालेलं कापड अंगाला लावून माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. मग मी काय करायचो – तिथं स्वच्छ आंघोळ करायचो, डोक्यावरून, साबण लावून, धुतलेला शर्ट-धोतर घालायचो, आणि कामाचे कपडे पिशवीत घालून घरी आणायचो. वेणी ते आधी अंगणात झटकायची. जोरानं. मग भिजवायची, हातानं चोळायची, मग आंघोळ करून मडीनं स्वयंपाकाला लागायची. चुलीपाशी कोणाची सावली पडू द्यायची नाही आमच्या घरात, एवढं कडक. आणि हे रोज, तिच्या नखांत.

आई? आई एकोणीसशे चौऱ्याऐंशीत गेली. हो. निवृत्त मी दोन हजार आठला झालो. – मोजू नका. मोजून झालंय माझं.

सवय झाली होती हो! तिनं धुतलेला कपडा वेगळा असायचा, काय सांगू, उन्हात वाळवून घडी घातलेला, त्याला एक वास असायचा. आणि नंतर मध्येच लाँड्रीत टाकायला लागलो असतो तर ती विचारती, का? तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. – ठाऊक नव्हतं असं म्हणालो का मी? तुम्ही माझ्या तोंडात शब्द घालू नका. बरं म्हटलंच असतं, म्हणणारच होतो, तुम्ही आलात तेव्हा तेच ठरवून बसलो होतो. पण तुमच्याकडे कंपनीचे जुने कागद येतील ना, आज ना उद्या? येतील. त्यात आहे. दरवर्षी रक्त तपासायचे आमचं. बाराव्या वर्षी माझं जास्त निघालं, म्हणून कंपनीनं मला प्लेटांवरून काढून सुपरवायझर केलं. कसला म्हणून विचारा. सेफ्टीचा. दर सोमवारी सकाळी माइकवर मी वाचायचो, तमिळमध्ये, मोठ्या आवाजात – कामाचे कपडे घरी नेऊ नका, तुमच्या बायकामुलांच्या पोटात विष जाईल. माझा आवाज चांगला होता. भिंतीवर पाटी होती, ती मी लिहून घेतली होती. आणि संध्याकाळी गेटवर उभा राहून पिशव्या उघडायला लावायचो. मानाजी म्हणून होता, आपलाच, तंजावरचाच, त्याच्या पिशवीत शर्ट सापडला तर दोन दिवस घरी बसवला मी त्याला. गयावया करत होता, अण्णा, आज घाई होती म्हणून. मी म्हटलं, घरी लहान मूल आहे ना रे तुझ्या, लाज नाही वाटत?

माझी पिशवी कोण उघडणार? सुपरवायझरची?

पाणी घ्या. नको? मी घेतो.

काय करायचं आता मी, तुम्ही सांगा. कागदावर सही करू? नाही, सही नाही – काय आहे तो रकाना? ‘पतीचा व्यवसाय.’ माझंच अक्षर. ‘निवृत्त क्लार्क.’ काय सुंदर लिहिलंय बघा, आजोबांचं वळण. हे बदललं तर तुम्हाला उपचार पुढं नेता येतील, किती वर्षांचं साठलंय ते कळेल, सुधींद्रचंही रक्त तपासाल – हो, तोही त्याच अंगणात रांगला. अय्यो, तोही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं हो, शपथ घेतो, हे खरंच आलं नव्हतं. आणि भव्यावरचा आळ – हो, कळलं, तेही. तिला तुम्ही कळवाल? नको. नाही म्हणतोय ना. मी कळवेन. पंधरा माणसांसमोर बोललो, आता फोनवर एकटीला सांगून कसं भागेल, तेही बघायला पाहिजे. द्या पेन. शिसं – कामगार असं लिहू की विभाग लिहू? प्लेट विभाग. अक्षर वाकडं येतंय, बघा. वय आहे… की हेही तेच? माझं पण रक्त घ्याल? घ्या, पुढच्या वेळी घ्या.

– अगं, तू कशाला उठलीस? काठी कुठाय? हळू. ये, इथं बस, खुर्चीवर. या डॉक्टरबाई, ओळखलंस ना? – हो. लिहितोय. हो गं, मीच लिहितोय. – काय?

ऐकलंत तुम्ही? ऐकलंत ना, काय म्हणाली? ‘जपून लिहा, बाहीला शाई लागेल, आता माझ्यानं धुववत नाही’ म्हणून –

जावा तुम्ही. नाही, कागद राहू दे. चोंबू पण राहू दे. जावा म्हणतो ना, डॉक्टरअम्मा. दार ओढून घ्या.