झावळ्यांच्या रविवारचं गाढव

माझा जन्म राणीसावरगावापासून दीड कोसावरच्या एका गावी, वेशीबाहेर, मांगवाड्यात झाला. गावाचं नाव लिहू नका, माणसं अजून हायती. आमचा धंदा दोर वळायचा आन शिंदीच्या पात्यांचे फडे बांधायचा. फडा म्हणजे केरसुणी. आईबापानं माझं नाव सटवा ठेवलं, बाप्तिस्मा झाल्यावर मिशनच्या मास्तरांनी स्तेफन केलं, पण बाप मला मरेस्तोवर सटवाच म्हणला.

वाड्यातली अकरा घरं ख्रिस्ती झाली व्हती, माणसं त्रेपन्न. मी मोजलेली हायती, अंगावरच्या लेकरांसकट. प्रार्थनेची खोली चौदा हात लांब, नऊ हात रुंद, वर पाचट. मास्तर गंगाखेडाहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी गाणं बापच उचलायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण सारं तोंडपाठ. आन त्याचा जीव कशात व्हता सांगू का, आमचा ख्रिस्त राजा असून चाकरासारखा कंबर बांधून वाकतो आन आपल्याच चेल्यांचे पाय धुतो, त्या गोष्टीत. बाप म्हणायचा, वाकायला लावणारे राजे लय पाहिले, वाकणारा ह्यो एकच. त्याला क्रुसावर दिल्याच्या आदल्या गुरुवारी बाप परातीत पाणी घेऊन साऱ्या वाड्याचे पाय धुवायचा, सोताचे सोडून एकशेचार पाय. तान्ह्या लेकराचेबी धुवायचा.

त्या गुरुवारच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. राजा शहरात आला तो घोड्यावर न्हाई, गाढवावर आला, लोकांनी झावळ्या हालवल्या. आमच्या झावळ्या शिंदीच्या. ज्या पात्याचे फडे बांधून आमी गावाची घाण काढायला द्यायचो, तेच पातं त्या दिवशी हातात धरून वाड्यातल्या वाड्यात फिरायचो. वाड्याचा बोळ साठ पावलांचा. गाणं अर्धं होत न्हाई तर बोळ संपायचा.

निजामाचं राज जायच्या सहा वर्षं आधीची गोष्ट, मी तवा अडतीसचा. मी म्हणलो, औंदा गाढव आणू. आमच्याकडं गाढव म्हणजे काय ते तुमाला ठाऊक हाय. चोराचं तोंड काळं करून, गळ्यात खेटरं घालून त्याला गाढवावरून फिरवायचं. मला वाटलं, आपला राजा त्याच्यावर बसला, मग त्याची लाज आपण धरायची कशाला. कुंभाराचं गाढव मागून आणलं, दोन दिवस त्याला हिरवं घातलं, धुतलं, पाठीवर बायकोचं धुवट लुगडं टाकलं. वर कुणी बसायचं न्हाई, राजा डोळ्याला दिसत न्हाई म्हणून पाठ मोकळी. बाप म्हणला, आण, पण बोळाबाहेर काढू नगंस. मी म्हणलो, वेशीपर्यंत जाऊन माघारी फिरू, चारशे पावलं तर हायती, एकदा तरी गाणं पुरं होऊ दे. आन गाढव बोळाबाहेर काढलं. ती माझी चूक. दुसऱ्या कुणाची न्हाई.

वेशीजवळ चावडी. ओट्यावर पाटील, चार टगे आन ठाण्याचा एक जवान बसलेला. पाटलानं इचारलं, सटव्या, वरात कुणाची रं. मी म्हणलो, आमच्या राजाची, मालक. पाटील म्हणला, राजा दिसंना की, वाटंतच पडला का काय. ओटा हसला. जवान म्हणला, बादशा तो हैदराबाद में हैं, ये दूसरा कौन निकला. तवा पाटलाचं हसू गेलं. म्हणला, हे बग, दुसरा राजा उभा केला ही खबर ठाण्याला गेली तर बगावत व्हते, आन उन्हाळ्याचं पाचट हाय तुमचं, ठिणगी कुठून पडंल सांगता येत न्हाई. त्यापरीस तुमच्या राजाला माणूस द्या. म्हाताऱ्याला बसवा. तोंडाला काळं लावा, रीत तर पाळली पायजे.

आता पुढचं नीट लिहा. त्यांच्यातल्या एकानंबी आमाला बोट लावलं न्हाई. लावणार कसे, इटाळ व्हतो. त्यांनी नुसतं सांगितलं, हात सगळे आमचे. मडक्याच्या बुडाची काजळी आणायला आमचीच बाई पळाली. खेटरं त्यांनी ओट्यावरून खाली टाकली, सात, दोरात मी ओवली. दोर मीच वळलेला. बाप माझ्या तोंडाकडं बघत उभा व्हता. मी त्याच्याकडं बघितलं न्हाई, काय सांगू तुमाला, मी मनात हिशेब करत व्हतो, अकरा घरं, त्रेपन्न माणसं, त्यातला एक म्हातारा. काजळी लावली, कपाळ, गाल, मिशा. काखंत हात घालून उचलून बसवला, लय हलका लागला. पाटील म्हणला, राजाच्या हातात काय तरी द्या की, तर एकानं फडा टाकला, तोबी मीच उचलून दिला. मग कासरा माझ्या हातात, मागून सारा वाडा, आन हुकूम झाला की गाणं तेच म्हणा. म्हणलं आमी. गावातून फिरून परत वेशीपर्यंत सहाशे चाळीस पावलं. त्या दिवशी गाणं तीनदा पुरं झालं. सगळ्यांत मोठा आवाज बापाचा.

घरी येऊन बापानं गाढवाला पाणी पाजलं आन मला म्हणला, कुंभाराला दिऊन ये, उपाशी ठेवू नगंस.

गुरुवार आला. बापानं परात काढली. त्रेपन्नातले एकोणीसच आले, बाकीचे म्हणले पुरे झाला तुमचा राजा. माझी पाळी आली तवा मी पाय मागं घेतले. बापानं ओढून घेतले, धुतले, पुसले. मग म्हणला, हात बी आण. माझ्या नखांत काजळी व्हती, चार दिवस निघाली नव्हती. एकेक नख त्यानं काडीनं कोरून काढलं. मान खालीच. म्हणला, मी आपणहून बसलो असतो, सटवा. तू इचारायचं व्हतंस.

मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणले, बापानं क्षमा केली, धन्य हायस. मी हो म्हणलो. पण हात धुतले त्या दिवसापासून बाप माझ्या हातचं पाणी पेला न्हाई. सून द्यायची, शेजारीण द्यायची, त्यांचं घ्यायचा. मी तांब्या पुढं केला की म्हणायचा, तहान न्हाई. दीड वर्षानं तापानं पडला. बायको ओढ्यावर गेलेली, घरात मी एकला. ओठ फुटले व्हते, पाणी पाणी करायलाय. मी वाटी लावली. डोळे उघडून बघितलं कोण हाय ते, आन दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. बायको यायच्या आत गेला.

आता निजाम गेला. पाटील तोच हाय, फकस्त पागोट्याच्या जागी टोपी आली. आमी चार घरं उरलो, सतरा माणसं. झावळ्या खोलीतच हालवतो, नऊ हात रुंदीत. गुरुवारी परात मी काढतो, सोळा जणांचे पाय धुतो. शेवटी कुणी तरी माझे धुवायला वाकतं, मी पाय पुढं करतो. हात मागं धरतो. देव तुमच्या लेकरांचं भलं करो, लिहा हे, आन जाताना पाणी पिऊन जा. बायको दील.