डिपच्या रजिस्टरातले तेवीस दिवस

या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. मेघा काळबांडे, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सदस्य आणि माझे जुने मालक केयूरबाबू, सत्कारमूर्ती प्रा. प्रेमलता गजभिये मॅडम, संख्याशास्त्र विभागाचे आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या रांगेत पंख्याखालची जागा धरून बसलेले माझे पंपावरचे सोबती, सगळ्यांना माझा नमस्कार.

आधी एक खुलासा करतो. मी प्राध्यापक नाही. मी गोपाळराव ठवकर, कन्हानच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर एकतीस वर्षं मॅनेजर होतो. मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालेला माणूस संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या निरोपाला काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलेही तेच वाटून राहिलं. पण मॅडमचा आग्रह होता, आणि मॅडमपुढे नाही म्हणायची हिंमत या गावात कोणाची आहे? प्राचार्यांनी हसू नये, त्यांनाही ठाऊक आहे.

तर पंपावर रोज सकाळी पहिलं काम असतं डिप घेण्याचं. जमिनीखाली टाकी असते, तिच्यात खुणा असलेली पितळी काठी सोडायची, तळाला टेकली की वर काढायची, आणि कुठवर भिजली ते बघून साठा लिहायचा. शेजारच्या रकान्यात हिशेबाचा साठा, म्हणजे कालचा साठा वजा दिवसभराची विक्री. या दोन आकड्यांत रोज थोडा फरक पडतोच. ऊन वाढलं की तेल फुगतं, काही उडून जातं. कधी दहा लिटर कमी, कधी सात जास्त. माझा नेम असा, की ती काठी माझ्याशिवाय कोणी टाकायची नाही. रोशन माझा सगळ्यात जुना सेल्समन, पण त्यालाही मी हात लावू देत नव्हतो. या गोष्टीचा मला फार गर्व होता. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

चार वर्षांपूर्वी मॅडम माझ्या घरी आल्या. जगात तेल किती खपतं आणि किती उरलं, यावर मुलांना काम करायचं होतं. म्हणाल्या, भाऊ, जगाचे आकडे मुलांना कोरडे वाटतात, आधी त्यांना एक टाकी दाखवायची आहे. माझी एकतीस रजिस्टरं रद्दीत जायची म्हणून मी घरी आणून ट्रंकेत ठेवली होती. मुलांनी ती आठ महिने बसून संगणकात भरली. माझं अक्षर वाचायला आठ महिने पुरले, हेच मोठं नवल.

मग एक दिवस मला वर्गात बोलावलं. उन्नती नावाची पारशिवनीची मुलगी होती, आज इथे समोर बसली आहे. तिनं सांगितलं, काका, तुम्ही एकतीस वर्षांत जवळपास पावणेसात कोटी लिटर तेल विकलं. माझी छाती फुगली. कोळशाचे ट्रक, लग्नाच्या गाड्या, गांधीबागेत कापडाचे गठ्ठे नेणारे टेम्पो, सगळे डोळ्यांपुढे आले. मग ती म्हणाली, "एवढं तेल जग सहा मिनिटांत जाळते."

सहा मिनिटं! मंडळी, मी खाली बसलो. माझी जवानी, माझे गुडघे, दर दिवाळीची ड्यूटी, सगळं मिळून सहा मिनिटं. तिथे बसल्या बसल्या सहा मिनिटं झाली आणि माझी एकतीस वर्षं पुन्हा एकदा जळून गेली. त्या दिवसापासून मी चहा पिताना घड्याळ बघतो. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. अंगावर काटा आला. एवढं मोठं काही आपल्या पायाखालून वाहतं आणि आपण त्याचा एक थेंब हाताळला, असं वाटलं.

मीही मुलांना एक गोष्ट शिकवली बरं का. टाकी आडवी, गोल असते. मध्यावर काठी एक सेंटिमीटर उतरली की सव्वाशे लिटर गेलं समजायचं. तळाजवळ तेवढ्याच एका सेंटिमीटरला दहा-बारा लिटर. म्हणजे विक्री रोजच्याएवढीच, पण तळ आला की काठी भराभर उतरते. मॅडमनं मला ती टाकी फळ्यावर काढायला लावली. मग मुलांना म्हणाल्या, हे वहीत लिहून घ्या.

आता ज्यासाठी उभा आहे ते सांगतो. केयूरबाबू, तुम्ही पाणी पिऊन घ्या.

राज्याच्या प्रदर्शनासाठी मुलांनी एक मोठा तक्ता केला. अकरा हजार दिवसांची रेष, रोजचा फरक दाखवणारी, वरखाली नाचणारी. तिच्यात एका जागी उन्नतीनं सोनेरी चांदणी चिकटवली होती आणि लिहिलं होतं, 'सर्वात अचूक काळ'. तेवीस दिवस. त्या तेवीस दिवसांत डिप आणि हिशेब यांत एका लिटरचाही फरक नव्हता. रेष सुतासारखी सरळ. मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि घरी आलो. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. एकट्याच. तक्त्याची घडी उलगडली, चांदणीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, खरं तेल असं कधी खपते का?"

मी म्हटलं, नाही.

ते दिवस होते दोन हजार सातच्या मे महिन्यातले. माझी बायको कांताबाई दवाखान्यात होती. वीस दिवस दवाखान्याचे, तीन ती गेल्यानंतरचे. रोशन फोनवर विक्री सांगायचा, मी तिच्या पलंगाशी बसून वजाबाकी करायचो आणि तोच आकडा डिपच्या रकान्यात लिहायचो. रोशनला काठी टाक म्हणालो असतो, तर त्यानं आनंदानं टाकली असती. पण माझा गर्व आडवा आला. आणि कांताबाई रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं विचारायची, "डिप घेतली का जी?" नाही म्हटलं असतं तर तिनं मला पंपावर हाकललं असतं. म्हणून मी रोज म्हणायचो, "घेतली."

केयूरबाबू, त्या दिवसांत टाकी गळत असती तर आजूबाजूच्या विहिरी नासल्या असत्या आणि कोणाला पत्ता लागला नसता. चोविसाव्या दिवशी काठी टाकली. नव्वद लिटर कमी निघालं. तेवीस दिवसांत तेवढं उडतंच. टाकी शाबूत होती, पण ते माझं नशीब, माझं काम नव्हे. तेव्हा पंप तुमचे वडील बघायचे, त्यांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, ती रजिस्टरं परत द्या, आता माझं एकतीस वर्षांचं लिहिणं कोण खरं मानणार? त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. "भाऊ, हे तेवीस दिवस कोरे सोडू. कोरे सोडले, तरच लोक बाकीच्या अकरा हजारांवर भरवसा ठेवतील."

चांदणी निघाली. तिथे रेष तोडली आणि खाली एवढंच लिहिलं, 'या दिवसांत मोजमाप झाले नाही'. का झालं नाही, हे मॅडमनं कोणालाच सांगितलं नाही.

पण मुलं हुशार. उन्नती दोन दिवस त्या कोऱ्या जागेकडे बघत होती. मग तिनं जगाचे तक्ते काढले. काही देश असे आहेत, की वर्षभर तेल उपसतात आणि वर्ष संपलं की जमिनीखालचा साठा मागच्या वर्षीएवढाच सांगतात. एक-दोन वर्षं नाही, वर्षानुवर्षं. अगदी सरळ रेष. ती भर वर्गात म्हणाली, "मॅडम, हे पण डिप न घेताच लिहून राहिले काय?"

मॅडमनं तिला सांभाळून घेतलं. नवं तेल सापडतंही, म्हणून खोटं म्हणू नका, आपल्याला काठी दिसली नाही एवढंच म्हणा. मी नोकरीला लागलो तेव्हा चाळीसेक वर्षांचं तेल उरलं म्हणत होते. आज मुलं हिशेब करून पन्नासेक सांगतात. त्यातलं किती काठीनं मोजलेलं आणि किती पलंगाशी बसून लिहिलेलं, कोणाला ठाऊक? एवढ्या मोठ्या जगाचा संसार ज्या आकड्यावर चालतो, त्याच्या मागेही कदाचित माझ्यासारखाच कोणी गर्विष्ठ, घाबरलेला माणूस बसला असेल, या विचारानं माझी मती गुंग झाली. आणि हे माझ्या चुकीतून एका अठरा वर्षांच्या पोरीला दिसलं, ते मॅडमनं ती चूक ना झाकली ना चव्हाट्यावर आणली, म्हणून.

तो तक्ता आजही प्रयोगशाळेबाहेर लावलेला आहे. दरवर्षी नवी मुलं विचारतात, मधली जागा कोरी काहून? मॅडम म्हणत, मोजलं नव्हतं, आणि पुढे जात. आजपासून मॅडम तिथे नसतील. माझी लाज त्यांनी तीन वर्षं राखली, ती आता मीच उतरवून ठेवतो. यापुढे कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा, ठवकरची बायको दवाखान्यात होती आणि त्यानं काठी टाकली नाही.

मॅडम, तुमचे आभार कोणत्या मापानं मोजू ते मला कळत नाही, म्हणून ती जागा कोरी सोडतो. संस्थेनं मला इथे उभं केलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, तुमचाही ऋणी आहे. बोलताना कुठे तोल गेला असेल, केयूरबाबूंना काही लागलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

एक माफी मात्र या सभागृहाबाहेरची आहे. ती रोज सकाळी एकच विचारायची, आणि मी रोज एकच उत्तर द्यायचो. आज माइकवर सांगतो. कांता, नव्हती घेतली वं.